युरोपची रंगीत तालीम, मुक्काम पोस्ट मळवली

दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारी आला की आमच्या हापिसात कॉफी मशीनपाशी एकच विषय असतो. अप्रेझलचा नव्हे, तो एप्रिलमध्ये. हा विषय युरोपचा. कोणीतरी हळूच बाजूला घेतं आणि विचारतं, "तू जाऊन आलायस ना? मग ती एक्सेल पाठव ना." ती एक्सेल म्हणजे मी आजवर तयार केलेली सर्वात जास्त वापरली गेलेली वस्तू. पोटापाण्यासाठी लिहिलेला माझा कोड इतक्या लोकांनी कधी वापरला असेल असं वाटत नाही. (हलकेच घ्या.)

तर मंडळी, आज कबुली द्यायची आहे. त्या एक्सेलमध्ये बग आहे.

बारा दिवस, पाच देश, नऊ शहरं. प्रत्येक अर्ध्या तासाचा हिशेब, प्रत्येक ठिकाणापुढे हिरवा रंग. सगळं पाहून झालं होतं, तरी वर्षभरानंतर फोटो चाळताना मला दोन चर्चमधला फरक सांगता येईना. रोमला आम्ही दीड दिवस दिला. दीड! लूव्रमध्ये मोनालिसासमोर उभं राहिल्याचा माझ्याकडे जो फोटो आहे, त्यात मोनालिसापेक्षा दुसऱ्यांचे मोबाईलच जास्त स्पष्ट दिसतात. आणि खरं आठवतं ते काय? तर स्वित्झर्लंडमधल्या एका आडबाजूच्या स्टेशनवर गाडी चुकल्यामुळे बाकावर बसून काढलेला पाऊण तास. डोंगर, गाईंच्या घंटा, थंडगार सँडविच. ते एक्सेलमध्ये नव्हतंच.

यंदा आई-बाबांना घेऊन जायचं ठरलं. सप्टेंबरात. बाबा अडुसष्टचे, आई चौसष्टची. तेव्हा पहिल्यांदा ती एक्सेल उघडून मी नीट वाचली आणि घाबरलो. सकाळी सहाची गाडी, दुपारी म्युझियम, संध्याकाळी दुसरं शहर. हे आई-बाबांच्या गुडघ्यांवर रन करून बघायचं कसं? आमच्या धंद्यात कुठलीही गोष्ट थेट लाईव्ह टाकत नाहीत, आधी टेस्ट एन्व्हायर्नमेंट लागतं. मग ते शोधलं, आणि सापडलं घरापासून दीड तासावर. मळवली स्टेशन.

कुणी म्हणेल, लोणावळा आणि युरोप? "भारताचं स्वित्झर्लंड" छापाची वाक्यं जाहिरातीत वाचून माझंही डोकं उठतं. सह्याद्री म्हणजे आल्प्स नव्हे आणि त्याला तसं म्हटल्यानं त्याचा मान वाढतो असंही नाही. मुद्दा तो नाहीच. मुद्दा आहे आपल्या फिरण्याच्या सवयींचा. आपण लोणावळ्यात जसे फिरतो तसेच पॅरिसमध्ये फिरतो. भुशी धरण, टायगर पॉइंट, लायन्स पॉइंट, चिक्की, परत. आयफेल, लूव्र, बोट, मॅग्नेट, परत. सवय तीच, फक्त खर्चाला दोन शून्यं जास्त. मग ती सवय स्वस्तात मोडता येत असेल तर आधी इथे का मोडू नये?

तर जानेवारीतला एक शनिवार-रविवार. नियम मी ठरवले. गाडी काढायची नाही, लोकलनं जायचं. प्रत्येकानं आपली बॅग आपण उचलायची. दोन दिवस मुक्काम एकाच ठिकाणी. आणि दिवसाला फक्त एकच गोष्ट बघायची. बाबांनी लगेच हरकत घेतली, "एकच? मग उरलेला दिवस काय करायचं?" हा प्रश्न लक्षात ठेवा.

लोकलचा हट्ट उगाच नव्हता. युरोपात स्टेशनवर हमाल शोधून सापडत नाहीत, लिफ्ट असेलच असं नाही, आणि मधल्या स्टेशनांवर गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. तेवढ्यात बॅग वर चढवायची, ठेवायची आणि आपला डबा शोधायचा. पुणे-लोणावळा लोकल मळवलीला त्याहूनही कमी थांबते. शिवाजीनगरला चढताना बाबांनी आपली ती प्रचंड निळी ट्रॉली दोन्ही हातांनी उचलली, दारात अडकवली, मागच्या दहा माणसांच्या शिव्या खाल्ल्या, आणि कामशेत गेल्यावर स्वतःच म्हणाले, "ही बॅग युरोपला न्यायची नाही." मी सहा महिने समजावून जे झालं नसतं ते एका तासात झालं. मळवली ते भाजे हे दोनेक किलोमीटर, एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडून, चालत गेलो. ट्रॉलीची चाकं एअरपोर्टच्या फरशीसाठी असतात. भाजे गावचा रस्ता किंवा रोममधल्या जुन्या गल्ल्यांतली दगडी फरसबंदी, दोन्हीकडे त्यांची सारखीच फजिती. पाठीवरची सॅक घ्या. किमान बॅग इतकीच घ्या की एका हातानं उचलून दोन जिने चढता येतील.

भाजे गावात एका घरी राहायची सोय केली होती. सामान टाकलं आणि दुपारची उन्हं जरा कलल्यावर लेण्यांकडे निघालो. इथे टेस्टमधला पहिला मोठा दोष सापडला. निम्म्या पायऱ्या झाल्यावर आई थांबली. मग पुन्हा थांबली. मग म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी इथे बसते." चेहरा हसरा, पण हात गुडघ्यावर. गेले आठ-दहा महिने दुखत होता म्हणे. सांगितलं का नाहीस, तर "तुम्ही एवढं तिकडचं ठरवताय, उगाच विघ्न कशाला."

विचार करा, हे फ्लॉरेन्सच्या डुओमोच्या ४६३ पायऱ्यांवर कळलं असतं तर? तिथेही तिनं हेच केलं असतं. हसऱ्या चेहऱ्यानं बाहेर बाकावर बसली असती आणि आम्ही वर जाऊन फोटो काढून आलो असतो. घरोघरच्या युरोप टूरच्या अल्बममध्ये असे अनेक आई-बाप बसच्या खिडकीशी बसलेले सापडतील. ज्यांच्यासाठी म्हणून ट्रिप काढली तेच अर्धी ट्रिप बसमध्ये. विचारलं तर "छान झाली हो ट्रिप."

असो. त्या दिवशी घाई नव्हती, कारण पुढे दुसरं काही बघायचंच नव्हतं. एकच गोष्ट! आई वीस मिनिटं बसली, मग हळूहळू चढली. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: उरलेला दिवस याच्यासाठी असतो.

भाजे लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, म्हणजे आपल्याकडच्या सर्वात जुन्या लेण्यांपैकी. चैत्यगृहाचे खांब जरा आतल्या बाजूला कललेले आहेत. दगडात कोरायचं तर खांब कलते कशाला? कारण कोरणाऱ्यांच्या डोळ्यासमोर लाकडी इमारती होत्या आणि लाकडी इमारतीत भार पेलायला खांब तसे कलते ठेवावे लागतात. दगडाला गरज नाही, पण सवय गेली नाही. (जुन्या सिस्टिमची उगाच चालत आलेली पद्धत नव्या सिस्टिममध्ये बघून मला अगदी घरच्यासारखं वाटलं.) थोडं पुढे स्तूपांचा एक समूह आहे, चौदा लहानमोठे स्तूप दाटीवाटीनं. आणि टोकाच्या विहारात भिंतीवर रथात बसलेला सूर्य, हत्तीवरचा इंद्र, आणि एक बाई तबल्यासारखं जोडवाद्य वाजवतेय. हे शिल्प बाबांनी शोधून काढलं. बाबा चाळीस वर्षं हौसेनं तबला वाजवतात. पुण्यापासून इतक्या जवळ आणि अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा! ते तिथे बराच वेळ उभे होते, बोटं मांडीवर हलत होती.

सांगण्यासारखं म्हणजे मीही तिथे पूर्वी चार वेळा गेलो होतो. पावसाळ्यात, कंपूबरोबर, शेवटच्या लेण्याजवळच्या धबधब्यात भिजायला. ते शिल्प मी पाहिलेलं नव्हतं.

दुसरा दिवस कार्ल्याचा. हे आमचं कुलदैवत. एकवीरा आई. लग्न झाल्यापासून आई तिथे किती वेळा गेली असेल देव जाणे. ओटी, नवस, माझी मुंज, ताईचं लग्न. या खेपेला मात्र गुडघ्याकडे बघून रिक्षा जाईल तिथपर्यंत नेली आणि पुढच्या पायऱ्या सकाळच्या थंडीत चढलो. दर्शन झालं. आई नेहमीप्रमाणे उतरायला वळली.

"आई, आत चल ना."

"कुठे आत?"

देवळाला अगदी खेटून चैत्यगृह आहे. खेटून म्हणजे शब्दशः, देवळाच्या रांगेत उभं राहिलं की त्याची कमान दिसते. आणि आई चाळीस वर्षांत एकदाही आत गेलेली नव्हती. "ते तिकिटाचं आहे ना, मला वाटायचं सरकारी काहीतरी असेल." हसू नका. तुमच्या घरी विचारून बघा.

हे भारतातलं सर्वात मोठं खोदीव चैत्यगृह. आतली लांबी सव्वाशे फुटांच्या आसपास, रुंदी आणि उंची दोन्ही पंचेचाळीस फुटांच्या आगेमागे. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीदार खांब, वर गुडघे टेकून बसलेले हत्ती आणि त्यांच्यावर बसलेल्या जोड्या, आणि स्तूपाच्या मागे सात साधे अष्टकोनी खांब. सकाळी दर्शनी भागातल्या मोठ्या गवाक्षातून आत उजेड येतो तो सौम्य असतो, डोळ्यांना सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात. बरेच लोक तेवढ्यात बाहेर पडलेले असतात.

आई खाली फरशीवर बसली. वर बघत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "ते वरचं लाकूड आहे का रे?"

आहे. छताच्या त्या कमानदार फासळ्या सागवानी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. स्तूपावरची छत्रीसुद्धा लाकडी. रोमचं कोलोसियम इसवी सन ८० मध्ये सुरू झालं, आणि कार्ल्याचं हे काम साधारण त्याच काळातलं. कोलोसियमच्या ऑनलाईन तिकिटासाठी आपण महिनाभर आधी अलार्म लावतो. मिलानमध्ये लिओनार्दोचं 'लास्ट सपर' बघायला पंधरा मिनिटं मिळतात, त्यासाठी अख्खा प्रवास फिरवतो. इथे आम्ही पाऊण तास बसलो होतो आणि कुणी उठवलं नाही.

या वेळी मी अभ्यास करून गेलो होतो, दोन पानं प्रिंट काढून. कार्ल्याच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. दर्शनी भागातला एक लेख वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचा. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातलं बनवासी. हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे असं त्यानं बिनधास्त कोरून ठेवलं आहे. (पहिला फाइव्ह स्टार रिव्ह्यू.) आणि आतले बरेच खांब ज्यांनी दिले ते स्वतःला 'यवन' म्हणवतात, धेनुकाकट नावाच्या गावचे. यवन हा शब्द मुळात आयोनियावरून आला, म्हणजे ग्रीक लोक. हे धेनुकाकट नेमकं कुठे यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ही मंडळी थेट ग्रीसहून आली नसावीत, इथेच स्थायिक झालेली असावीत, कारण काहींची नावं चक्क भारतीय आहेत. पण व्यापाराच्या वाटेनं इथवर पोचलेली, घाटमाथ्यावर थांबलेली आणि या डोंगरात आपल्या नावाचा खांब देऊन गेलेली.

बाबा ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे ते इथे येऊन खांब देऊन गेले, आणि आपण तिकडे मॅग्नेट आणायला चाललोय."

आता जरा नावडतं बोलतो.

कार्ल्याहून उतरताना अकरा वाजले होते आणि खाली गाड्यांची रांग लागायला सुरुवात झाली होती. जानेवारीत हे, तर जुलैत काय होत असेल ते तुम्ही बघितलंच आहे, कारण त्या गाड्यांत तुम्ही असता. मीही असायचो. आपल्या मनात पर्यटक म्हणजे कुणीतरी दुसरा असतो, आपण फक्त 'वीकेंडला जरा बाहेर' पडलेलो असतो. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलं होती. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, चार जण गेले, कितीतरी जखमी. तो रविवार होता. पूल धोकादायक होता, हे आधीच माहीत होतं. पुलाची जबाबदारी ज्यांची त्यांची आहेच, त्यात कुणाला सूट नको. पण त्या पुलावर एका वेळी एवढी माणसं का होती, हा प्रश्न आपलाही आहे. सगळ्यांना एकाच रविवारी, एकाच चार-पाच जागी जायचं असतं, रील बघून.

युरोपात हे प्रकरण कुठे पोचलंय बघा. व्हेनिसनं २०२४ च्या एप्रिलपासून गर्दीच्या दिवसांत एका दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेशशुल्क लावलं. बार्सिलोनात २०२४ च्या जुलैमध्ये लोकांनी निषेध म्हणून पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. ऑस्ट्रियातलं हालश्टाट हे तळ्याकाठचं जेमतेम सात-आठशे वस्तीचं गाव. तिथल्या लोकांनी २०२३ मध्ये निदर्शनं केली, की बाबांनो, आम्हाला आमच्या रस्त्यावर चालू द्या. हे वाचून आपण म्हणतो, किती उद्धट लोक! भाजे गावातल्या ज्या मावशींकडे आम्ही जेवलो त्यांना मी विचारलं, पावसाळ्यात कसं असतं. म्हणाल्या, "शनवार-रयवार आम्ही घरातनं भाईर पडतच नाय. पडून करायचं काय, रस्ता कुठं आसतो." पिचकाऱ्या मारत नाहीत एवढंच. उलट पिठलं-भाकरी वाढतात.

तेव्हा माझा पहिला सल्ला, युरोपसाठी आणि मावळासाठी एकच: जिथे जाताय तिथे रात्र काढा. दिवसभरात येऊन, गर्दी करून, कचरा टाकून गेलेल्या माणसाचा गावाला फक्त त्रास होतो. राहणाऱ्याचे पैसे तरी गावात राहतात. आणि हालश्टाट काय, भाजे काय, खरं गाव दिसतं ते शेवटची बस गेल्यावर आणि पहिली बस येण्याआधी. शक्य असेल तर सोमवार-मंगळवार. रजा शिल्लक ठेवून मार्चमध्ये लॅप्स करण्यापेक्षा बरं. पावसाळ्यात तर शनिवार-रविवारी लोणावळा नकोच, निदान ज्या जागी पाण्यात उतरावं लागतं त्या नकोतच.

मावळाची बाजू घेतोय म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. भाज्याच्या पायऱ्यांवर चिप्सची पाकिटं होती. ती यवनांनी टाकलेली नव्हती. शिल्पाशेजारी ते काय आहे हे धड मराठीत समजावणारी पाटी सापडेना. दुपारी लोकलच्या वेळापत्रकात मोठी फट पडते, ती हुकली की बसा. स्टेशनपासून लेण्यांपर्यंत नेमानं धावणारी एखादी छोटी बस असायला काय हरकत आहे? ऑस्ट्रियातल्या खेड्यात ती असते आणि तिची वेळ आगगाडीच्या वेळेशी जुळवलेली असते. जुलै २०२५ मध्ये लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, शिवरायांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. आनंदच आहे. पण यादीत नाव आलं की गर्दी येते, सोयी आपोआप येत नाहीत. विंचूकाट्यावर सेल्फीची रांग लागण्याआधी खाली स्वच्छतागृह व्हावं ही आई एकवीरेचरणी प्रार्थना. बायकांना हे जास्त कळेल. माझ्या आईनं दोन दिवस पाणी कमी प्यायलं, तेही तिनं सांगितलं नाही, मला नंतर कळलं.

बरं, कामाचं बोलू. तालमीनंतर एक्सेल कशी बदलली?

पाच देशांचे दोन झाले. रोम सहा रात्री, व्हिएन्ना पाच रात्री. दोनच हॉटेलं, दोन्ही स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, दोन्हीला लिफ्ट आहे याची ईमेल करून खात्री केलेली. (नुसतं साईटवर बघू नका. जुन्या इमारतीत लिफ्ट कधी कधी पहिल्या मजल्यापासून सुरू होते!) जाताना विमान रोमचं, येताना व्हिएन्नाहून, म्हणजे आल्या वाटेनं परत जायचा एक दिवस वाचतो. मधे रात्रीची आगगाडी, कारण बाबांना स्लीपरचा डबा आवडतो आणि मलाही. दिवसाला एक मोठी गोष्ट, ती सकाळी. दुपारी दोन तास हॉटेलवर परत येऊन आडवं व्हायचं. संध्याकाळी जे सुचेल ते. फ्लॉरेन्स काढलं. डुओमोच्या पायऱ्या राहिल्या, राहू देत.

व्हिएन्ना निवडण्यामागे एक कारण बोरघाट आहे. लोणावळ्याला पोचलं की आपण चिक्की घेतो, पण मुंबईहून गाडी तिथवर चढते कशी हे बघत नाही. कर्जतला मागे जादा इंजिनं जोडतात, कारण घाटाचा चढ सदतीसास एक आहे. १८५६ ला काम सुरू झालं, १८६३ ला घाट खुला झाला, हजारो मजूर यात मेले, पटकीनं आणि अपघातांत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला तेव्हा त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं, कंत्राट हातात घेऊन पुढे चालवलं. व्हिएन्नाच्या दक्षिणेला सेमरिंगचा असाच घाटमार्ग आहे, १८५४ मध्ये पुरा झालेला, १९९८ पासून जागतिक वारसा. लोक मुद्दाम तो बघायला जातात, खाली उतरून पुलांच्या बाजूनं पायवाटेनं चालतात. आम्हीही जाणार, साध्या गाडीनं, व्हिएन्नाहून सकाळी निघून संध्याकाळी परत. आणि त्याआधी एकदा कर्जत ते लोणावळा, दिवसाउजेडी, खिडकीत बसून, मोबाईल खिशात ठेवून. स्वित्झर्लंडच्या ग्लेशियर एक्सप्रेसचं तिकीट काढणाऱ्या किती जणांनी हे केलंय?

व्हिसाचं थोडक्यात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्याची अपॉइंटमेंट लवकर संपते, म्हणून आधी ती बघा आणि मग तारखा ठरवा. ज्या देशात जास्त रात्री, अर्ज त्या देशाकडे. म्हणजे आमचा इटलीकडे. जून २०२४ पासून फी नव्वद युरो आहे, सर्व्हिस सेंटरचे पैसे वेगळे. प्रवास विमा किमान तीस हजार युरोचा. आई-बाबांच्या जुन्या दुखण्यांचं त्यात काय होतं ते बारीक अक्षरांत वाचा, एजंट "हो हो कव्हर आहे" म्हणतो तेव्हा विशेष. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवी पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झाली, त्यामुळे पहिल्या विमानतळावर पुढचं विमान पकडायचं असेल तर हाताशी वेळ भरपूर ठेवा. आणि दूध-मांसाचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत, तेव्हा साजूक तुपाची बरणी घरीच. शेंगदाण्याची चिक्की चालेल. लोणावळ्याहून पाव किलो वजन करून घेतली आहे, सप्टेंबरपर्यंत टिकणार नाही हे मलाही माहीत आहे. आजच अर्धी राहिली आहे.

आईला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. ऑपरेशन वगैरे काही नाही, व्यायाम दिलेत, वजन थोडं कमी करायचंय, रोज चालायचंय. सहा महिने हातात आहेत. तिला रोममधलं काय बघायचंय विचारलं, तर तिनं पँथिऑन सांगितलं. का, तर तिथेही छताला मोठं भोक आहे आणि उजेड वरून येतो असं मी सांगितलं होतं, आणि आत बसायला मिळतं का हे तिला बघायचंय.

पुढची तालीम बेडशाची. कामशेतहून पवनानगरच्या रस्त्यावर. तिथल्या दर्शनी खांबांवर घोडे, बैल, हत्ती आणि त्यांच्यावरचे स्वार आहेत, आणि गर्दी जवळजवळ नसते. पायऱ्या तीन-चारशे आहेत. आईला हा आकडा अजून सांगितलेला नाही, आणि ती ब्लॉग वाचत नाही. बाबा वाचतात. बाबा, प्लीज. :)